इसारपत्रावर दलालाची जागा

वर्धा शहर गेल्या काही दशकांत नगर परिषदेची हद्द ओलांडून सिंदी (मेघे), पिपरी (मेघे), बोरगाव (मेघे), नालवाडी अशा ग्रामपंचायतींच्या शिवारात पसरले. सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये, हिंदी विश्वविद्यालय यांच्यामुळे नोकरीनिमित्त आलेली कुटुंबे इथेच घर करतात. कोणता लेआऊट रीतसर अकृषक झालेला, कुठला प्लॉट भोगवटादार वर्ग 2चा, कोणत्या नझूल पट्ट्याची मुदत संपलेली, हे नवख्या माणसाला ठाऊक नसते. म्हणून तो दलाल गाठतो, घरे पाहतो, आणि सौदा जमला की इसारपत्र होते. हे इसारपत्र नीट पाहावे. मुद्रांक कागदावर देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, चतुःसीमा, ठरलेली किंमत, इसाराची रक्कम, विक्रीपत्राची मुदत असते. दलालाचे नाव बहुधा कुठेच नसते. असलेच तर अगदी खाली, साक्षीदार म्हणून. दोन्हीकडून दलाली घेणारा माणूस कागदावर तिऱ्हाईत ठरतो. घेणारा ज्याला आपला माणूस समजून पैसे देतो, तो त्याच्या बाजूने बांधलेला नसतो. तसा तो हवा असेल तर आधी लिहून घेतले पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

दलालाच्या सचोटीवर मला शंका घ्यायची नाही. दलाली ज्या रीतीने मिळते, तिचा हिशेब मांडून पाहू. समजा, घर 30 लाखांचे आणि दलाली दोन्हीकडून 2 टक्के. सौदा झाला तर दलालाला 1 लाख 20 हजार मिळतात. घासाघीस करून त्याने किंमत एक लाखाने उतरवली तर घेणाऱ्याचा अख्खा लाख वाचतो, दलालाचे मात्र चारच हजार जातात. दलाल किंमत चढवतो अशी सर्वांची तक्रार असते. या हिशेबात त्याला किंमत चढवण्यात फारसे काही मिळत नाही. त्याचा जीव अडकलेला असतो सौदा पार पडण्यात. विकणाऱ्याच्या बहिणीने अजून हक्कसोड करून दिलेली नाही, हे त्याने बोलून दाखवले आणि गिऱ्हाईक मागे फिरले, तर सगळीच कमाई बुडते. अशा वेळी खोटे बोलावे लागत नाही. गप्प राहिले तरी पुरते.

महारेरामुळे हे मिटले, असे अनेकांना वाटते. 2016चा स्थावर संपदा कायदा महाराष्ट्रात 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला, दलालांना नोंदणी आली, 2023 पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची झाली. हे मोलाचे काम आहे. पण ही नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातल्या विक्रीसाठी. जागा 500 चौरस मीटरच्या आत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर प्रकल्पालाच नोंदणीची सक्ती नाही, आणि जुन्या घराची फेरविक्री या चौकटीत बसत नाही. शिवाय कायद्याची व्याख्या विकणाऱ्याचा माणूस, घेणाऱ्याचा माणूस आणि नुसती गाठ घालून देणारा या तिघांनाही एकाच नावाखाली घेते. कोण कोणाच्या बाजूचा, हे घर दाखवण्याआधी लेखी सांगायला ती कोणाला भाग पाडत नाही. अमेरिकेत घेणाऱ्याचा स्वतंत्र एजंट असतो, तरी त्याचे पैसे कोण देतो हा वाद पेटलाच. 2024मध्ये तिथल्या रिअल्टर संघटनेने 41.8 कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि त्या वर्षीच्या 17 ऑगस्टपासून, घर दाखवायला नेण्यापूर्वी, एजंटने घेणाऱ्याशी लेखी करार करावा असा नियम आला.

वर्धा लहान गाव, इथे दलालाचे नाव हीच हमी, असा एक आक्षेप येईल. तो खोटा नाही. नाव जाईल या धाकाने माणूस फसवणूक टाळतो. पण न विचारलेली गोष्ट आपणहून सांगायला हा धाक लावत नाही, आणि त्याच गावात विकणाऱ्याचे संबंध घेणाऱ्यापेक्षा जुने असतात. दुसरा आक्षेप वकिलाचा. वकील शोध घेतो, हक्क तपासतो, तो हवाच. मात्र त्याच्याकडे कागद पोचतात तोवर बहुधा इसार गेलेला असतो, भावही ठरलेला असतो. खर्च वाढेल हे म्हणणे तर टिकतच नाही, कारण घेणारा दलाली आजही देतोच.

पहिले घर पाहण्याआधी साध्या कागदावर लिहून घ्यावे: हा दलाल माझ्या वतीने घर शोधतो आहे, विकणाऱ्याकडून काही घेणार असेल तर किती ते सांगेल, या मालमत्तेत त्याचा स्वतःचा पैसा किंवा इसार गुंतला असेल तर तेही सांगेल. त्या दोन-चार ओळींना जुन्या कायद्याचा आधार आहे. 1872च्या भारतीय करार कायद्यात, कलम 216खाली दिलेले उदाहरण नेमके घराचेच आहे: काम सोपवणाऱ्याने आपल्या अभिकर्त्याला, म्हणजे एजंटला, एक घर घ्यायला सांगितले, ते मिळत नाही म्हणून त्याने कळवले आणि स्वतःच विकत घेतले, अशा वेळी तेच घर, त्याने दिलेल्या किमतीत, काम सोपवणारा त्याच्याकडून मागू शकतो. आपल्याकडे दलाल स्वतःच्या नावे इसार करून ठेवतात आणि वरची रक्कम खिशात घालतात, तेव्हा घेणाऱ्याला हेच कलम हाती घेता येईल. त्यासाठी तो दलाल आपला अभिकर्ता होता, हे आधी दाखवावे लागते, आणि साक्षीदाराच्या रकान्यातल्या सहीने ते दिसत नाही.