डोक्याचा प्रश्न

नववीतल्या भाचीला बॉक्सिंग शिकायचं होतं आणि घरून नकार होता. तिने मला मध्ये घातलं. ताई पेशाने नर्स, तेव्हा वरवरच्या बोलण्याने भागणार नाही हे मला ठाऊक होतं. तरीही मी सुरुवात मेरी कोमपासूनच केली.

"तिच्या वडिलांचाही विरोध होता, ताई. ती चोरून शिकत होती. 2000 साली राज्य स्पर्धा जिंकली, पेपरात फोटो आला, तेव्हा त्यांना कळलं. पुढे सहा वेळा जगज्जेती झाली."

"त्यांना भीती कशाची होती?"

"चेहरा बिघडेल, लग्न जमणार नाही."

"मग ती माझी भीती नाही. नाक मोडलं तर बसवता येतं, आणि नाक पाहून मोडणारं लग्न मोडलेलंच बरं. मी डोक्याचं बोलतेय. जिंकलेल्यांच्या गोष्टी मला सांगू नकोस. मोहम्मद अलीही जिंकलाच होता."

अलीला पार्किन्सनचं निदान झालं 1984 मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. त्यात ठोशांचा वाटा किती, यावर डॉक्टरांत वाद आहे. पण हा वाद मांडून ताईचं समाधान झालं नसतं, आणि खरं म्हणजे माझंही झालं नसतं.

"हेडगार्ड असतं," मी म्हणालो.

"त्याने कातडी फाटायची वाचते. मेंदू कवटीत हलायचा थांबत नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी 2011 मध्ये मिळून सांगितलंय, मुलांना बॉक्सिंगला घालू नका."

"कबड्डीत लागत नाही? कुस्तीत नाही?"

"लागतं की. पण तिथे डोक्याला लागलं तर खेळ थांबतो. इथे डोक्यावर बसलेल्या ठोशाला गुण मिळतो."

यावर मला उत्तर सुचलं नाही. खेळाचा हेतूच तो असेल, तर नुसत्या जपून खेळण्याला मर्यादा येते. मी वाट बदलली.

"निर्णय तिचा नको का?"

"ती पंधरा वर्षांची आहे. इजा दिसेल ती कदाचित चाळिशीत. ती चाळिशीतली बाई आज या घरात नाही. तिच्या वतीने कुणी बोलायचं?"

"तीच बाई उद्या विचारेल, मला का अडवलंस?"

"विचारू दे. विचारण्याइतकं डोकं शाबूत असेल ना!"

इतका वेळ भाची गप्प होती. ती म्हणाली, "मामा, काही होत नाही असं नको सांगू. होतं. आई, सुरुवातीला फक्त फूटवर्क, दोरी, बॅग आणि पॅड असतात. स्पारिंग, म्हणजे समोरासमोर खेळणं, लगेच नसतं."

"तेवढंच शिकून थांबशील?"

"नाही."

खोटं बोलली असती तर सोपं गेलं असतं. तिने ते टाळलं, आणि मला वाटतं ताई तिथेच थोडी हलली.

"डोकं गरगरलं, उलटीसारखं झालं, तर त्याच दिवशी मला सांगशील?"

"सांगितलं तर तू बंद करशील."

मला वाटतं खरा पेच हा होता, आणि तो आम्हा दोघांपैकी कुणीच मांडला नव्हता. चोरून शिकणाऱ्या मुलीला सरावात लागलं, तर ती घरी काय म्हणून सांगणार? डोक्याला मार बसल्यावर, तो पुरता बरा होण्याआधी दुसरा बसणं सर्वांत वाईट. आणि लपवलेल्या माराच्या बाबतीत नेमकं तेच व्हायची भीती. म्हणजे नकाराने डोकं वाचतंच असं नाही. कधीकधी फक्त आईला कळायचं बंद होतं.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "सांगितलंस तर बंद नाही करणार. डॉक्टरकडे नेईन, आणि ते म्हणतील तितके दिवस घरी बसायचं, मग स्पर्धा असो की काही. लपवलंस तर मात्र त्या दिवसापासून बंद."

"आणि स्पारिंग?"

"त्याचं वेगळं विचारायचं. वेळ आली की. आणि तेव्हा मी नाही म्हणू शकते, हे आत्ताच सांगून ठेवते."