भिंतीवरची मोटार



जुन्या मोटारीचा फोटो मोठा करून बैठकीच्या खोलीत लावण्याची हौस आता आपल्याकडेही आली आहे. समजा, आजोबा वेरूळला पर्यटक नेण्यासाठी अ‍ॅम्बॅसेडर चालवत, आणि घरात तिचा चार बाय सहा इंचांचा एकच फोटो उरला आहे. तो 1200 डीपीआयवर स्कॅन केला तर रुंदीत 7200 ठिपके मिळतात. भिंतीवर लांबून पाहायला इंचाला 150 ठिपके पुरतात, म्हणजे चार फुटांची प्रत सहज निघते. पण आठपट मोठे केले की केसाएवढा ओरखडाही दोरीसारखा दिसतो. साफसफाई आलीच. आम्हाला प्रश्न पडतो, ती थांबवायची कुठे?

धूळ, बुरशीचे डाग, घडीची रेघ, विटलेला रंग हे सारे फोटो काढल्यानंतर कागदावर आले. ते पुसण्यात काही गैर नाही. पण चाकाशी फडके घेऊन बसलेला पोरगा कॅमेऱ्यासमोर होता. स्टुडिओवाला सहज विचारतो, "याला काढू का? गाडी उठून दिसेल." दिसेलही.

कुणी म्हणेल, कॅमेरा तरी कुठे खरे बोलतो? मुद्दा रास्त आहे. आपल्या खुलताबादेत पहिल्या निजामाची कबर आहे. त्याच घराण्यातले सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली, पण 1911 साली त्यांचे निधन झाल्यावर तयार झालेली 1912 ची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. गाडी पिवळी. त्या काळच्या साध्या काचप्लेटांना मात्र पिवळा-तांबडा रंग फारसा जाणवत नसे. तशा प्लेटेवर ही गाडी काळपट उमटली असती. आणि निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बुजवण्याची रीतही तेव्हापासूनचीच.

पण संत ऑगस्टीन खोटेपणा शोधतात तो फसवण्याच्या हेतूत. काचप्लेटेला कुणाला फसवायचे नव्हते, तिला तेवढेच दिसत होते. गाडी पिवळी होती हे ठाऊक असेल तर रंग भरणारा सत्याच्या जवळच जातो. ठाऊक नसताना भरला तर तो अंदाज, आणि तसे सांगावे. आजचे संगणक तर फोटो मोठा करताना नंबरप्लेटचे पुसट आकडे स्वतःच रचून देतात. त्यांच्यावर नजर ठेवलेली बरी.

कडेने फोटो कापणे आम्ही वेगळे मानतो. चौकटीबाहेर काय होते, याबद्दल चौकट काहीच बोलत नाही. मधला माणूस पुसून तिथे डांबर भरणे म्हणजे "इथे कुणी नव्हते" असे म्हणणे. "ही तर शोभेची वस्तू, कोर्टातला पुरावा नव्हे," असे उत्तर मिळते. पण नातवंडे त्याच भिंतीकडे बघत वाढणार. पोरगा दिसला तर "हा कोण?" असे एखादे तरी विचारील. नसला तर प्रश्नच उठणार नाही. शिवाय ज्या चकाकीसाठी फोटो लावायचा, ती त्याच्याच फडक्याची.

तेव्हा मूळ स्कॅन जसाच्या तसा वेगळा जपून ठेवा, काम त्याच्या प्रतीवर करा, आणि काय बदलले ते फ्रेमच्या मागे दोन ओळींत लिहा. मडगार्डला पोचा असेल तर त्याबद्दल आमचा फारसा आग्रह नाही. तो आजोबांनाही काढून घ्यायचाच असेल.