इथलं काय मिळतं?

परगावी गेलं की तिथलंच खायचं, हा माझा जुना नेम. परदेशी सहलीत सोबत महाराज नेऊन बीजिंगमध्ये पोळी-भाजी खाणाऱ्यांची मी बरीच टिंगल केली आहे. हा नेम म्हणजे दुसऱ्याच्या संस्कृतीचा आदर, असं मला खरोखर वाटायचं. मुलचेऱ्यात ते जरा हललं.

कामासाठी तीन दिवस राहायचं होतं. आष्टीकडून आलेल्या बसमधून उतरलो तेव्हा दोन वाजून गेले होते. समोर पत्र्याचं हॉटेल, दोन बाकं. भात, डाळ आणि मोहरीच्या तेलातला मासा. वास अप्रतिम होता. तरी मी विचारलं, "इथलं काही नाही का? गोंडांचं, माडियांचं? लाल मुंग्यांची चटणी वगैरे?"

मालक हात पुसत म्हणाला, "सर, मी इथलाच आहे. जन्म इथलाच."

मग त्याने सांगितलं, आजोबा खुलन्याकडचे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने १९६०च्या दशकात या भागात जमिनी देऊन वसवलं, तेव्हाचे. गडचिरोली जिल्हा झाला १९८२ साली, म्हणजे हे कुटुंब जिल्ह्याहून जुनं. आणि मी ताटातल्या माशाकडे बोट दाखवून विचारत होतो की इथलं कुठे आहे.

गोष्ट एवढ्यावर संपली असती तर सोपं होतं. पण त्या जमिनी वाटल्या गेल्या त्याआधीही या जंगलात माणसं राहत होती, आणि ती याहून फार जुनी. म्हणजे माझा प्रश्न अगदीच चुकीचा होता असंही नाही. चुकीचं होतं ते मला तो का विचारायचा होता, ते. मुंग्यांच्या चटणीची मला भूक नव्हती. मला ती पुण्यात सांगायला हवी होती. माडिया घरात ती भाताबरोबर, आंबिलीबरोबर खायची गोष्ट आहे. माझ्या हातात ती पदक झाली असती. आणि ते पदक मी मागत होतो कोणाकडे, तर तिसऱ्याच माणसाकडे, त्याचं स्वतःचं रांधलेलं बाजूला सारून.

'इथलं' म्हणजे किती वर्षांचं? साठ वर्षं पुरत नसतील, तर आपल्या उपासाच्या ताटाचं काय करायचं? साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची: चारही अमेरिका खंडातून आलेले. खिचडीतलं जिरं आणि तूप तेवढं जुनं. एकादशीला आपण तीच सोवळ्यात खातो आणि कोणी पाहुणा येऊन 'तुमचं खरं मराठी काही नाही का?' म्हणत नाही.

म्हणून परत महाराज सोबत न्यायचा का? नाही. तो माणूस वाढणाऱ्याला दुखवत नाही हे खरं, पण त्याला वाढणारा दिसतही नाही. न विचारता बसलो असतो तर खुलना मला कळलंच नसतं. कुतूहल हवंच. फक्त मी शोध घ्यायला निघतो तेव्हा काय सापडायला हवं ते आधीच ठरवून निघतो, आणि समोरच्याने त्या चित्रात बसावं अशी माझी अपेक्षा असते. पैसे मोजतो म्हणून ही अपेक्षा हक्कासारखी वाटते. जेवणाचे पैसे दिल्याने जेवण मिळतं. समोरच्याने आपल्यासाठी 'अस्सल' होऊन दाखवावं, हे त्या पैशांत येत नाही.

मासा मी खाल्ला. काटे फार होते, आणि काढायचे कसे ते मालकानेच दाखवलं.

संध्याकाळी हॉटेलच्या बाजूला चायनीजची गाडी लागली. चालवणारा त्याचा पुतण्या. चिकन मंचुरियन हा पदार्थ १९७५च्या सुमारास मुंबईत नेल्सन वाँग यांनी पहिल्यांदा केला असं सांगतात. ते स्वतः कोलकात्यात जन्मलेले, चिनी घरातले. चीनमधल्या एखाद्या शहरात ते मागितलं तर वाढपी बुचकळ्यात पडेल. इथे मात्र गाडीभोवती गर्दी होती. शाळेची पोरं, दोन पोलीस, बाजार उरकून आलेल्या, आपसात गोंडी बोलणाऱ्या तीन बाया. त्यातली एक पोराला दटावत होती, "कालच्यासारखं कमी तिखट नको करू."

मी रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर पुतण्याने विचारलं, "नूडल्स की मंचुरियन?"

"चांगलं काय झालंय आज?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि माझ्या मागच्या बाईची ऑर्डर घेऊ लागला.