आहारशुद्धी आणि भिक्षान्न

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. यावरून एक शंका सहजच उद्भवते. चारही वर्णांच्या दारी भिक्षा करावी, अशी श्रीचक्रधरस्वामींची आज्ञा. मग त्या भिक्षुकाने सात्त्विक आहार निवडावा तरी कसा? निवडू गेल्यास भिक्षाधर्म मोडतो, न निवडल्यास आहारशुद्धी राहत नाही.

अन्य परंपरांचा आचार येथे उपयोगी पडतो. वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड या गावी सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर जैन परंपरांची मंदिरे आहेत. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. निघण्यापूर्वी मनाशी एक संकेत धरतात. तो जुळला नाही तर त्या दिवशी उपवास. अन्नात केस वा मृत जीव आढळला की अंतराय मानून भोजन तेथेच थांबते. इतकी काटेकोर शुद्धी क्वचितच आढळेल. तथापि हा मुनीदेखील अमुक पदार्थ वाढा, असे म्हणत नाही. त्याची सारी दक्षता हिंसा टाळण्याची आहे. रुचीला तेथे थारा नाही.

आता गीतेचा शब्द पुन्हा पाहावा. कोणत्या प्रकृतीच्या मनुष्यास कोणता आहार ‘प्रिय’ असतो, एवढेच तेथे सांगितले आहे. वर्गीकरण आवडीचे आहे, आणि भिक्षुक तर आवडच टाकून निघालेला! मांस त्यास वर्ज्यच. पण तो प्रश्न हिंसेचा आहे, दात्याच्या कुळाचा नव्हे.

या दोन गोष्टींची गल्लत समाजाने फार पूर्वीपासून केली आहे. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरी महार-मातंगांच्या घरांत जात आणि तसेच ब्राह्मणांच्या घरांत येत. गावच्या ब्राह्मणांची तक्रार नेमकी याविषयीच होती. भगवान बुद्धांनी अखेरचे भोजन चुंद नावाच्या लोहाराच्या घरी घेतले. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात तर आजही सर्व जण एका पंक्तीला बसतात.

भिक्षुकास दंडवत घालणारा, त्याच्या झोळीत आदराने अन्न घालणारा उपदेशी गृहस्थ घरच्या लग्नात मात्र पंगतीची पाने मांडताना जात पाहतो. त्यासाठी तो आधार कोणत्या वचनाचा देणार?