सल्ल्याची अमानत

माणसे एकमेकांना जे काही देतात, त्यांत सल्ल्याइतकी स्वस्त वस्तू दुसरी नसावी. पैसा देताना हात आखडतो, वेळ देताना घड्याळाकडे लक्ष जाते. सल्ला मात्र न मागताही दिला जातो आणि तो फसला तर देणाऱ्याचे काहीच जात नाही. इस्लामने या स्वस्त वस्तूचे मोल फार चढे ठरविले आहे. ज्याच्याकडे सल्ला मागितला जातो तो अमानतदार होतो, अशी आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण हदीस-ग्रंथांत नोंदलेली आहे. इमाम अबू दाऊद (रह.) यांच्या संग्रहात याहून कडक इशारा आढळतो. त्याचा आशय असा की, योग्य मार्ग दुसरीकडे आहे हे ठाऊक असूनही जो आपल्या भावाला भलतीच वाट सुचवितो, तो त्याच्याशी खियानत करतो. ठेव बुडविणारा आणि जाणूनबुजून चुकीचा सल्ला देणारा हे दोघे अशा रीतीने एकाच रांगेत येऊन बसतात.

हा विषय आज मांडण्याचे कारण एक व्यवसाय आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांत काही प्राध्यापकांकडे शिकविण्याबरोबर पंधरा-वीस विद्यार्थ्यांची जबाबदारी सोपविलेली असते. कोठे त्यांना ‘मेंटॉर’ म्हणतात, कोठे ‘टीचर गार्डियन’, तर कोठे ‘फॅकल्टी ॲडव्हायजर’. कोणाची हजेरी कमी पडते, कोणाचे किती विषय राहिले, कोणाला केटी लागल्या, पुढच्या सेमिस्टरला कोणता ऐच्छिक विषय घ्यावा, हे सारे त्यांच्या वहीत असते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक. पदवीसाठी 160 क्रेडिट ठेवलेले आहेत. त्यांपैकी विद्यार्थ्याच्या पदरात किती पडले आणि किती राहिले, याचा हिशेब घरातल्या कोणालाही कळत नाही. तो या सल्लागाराला कळतो. जेथे एकालाच माहिती असते आणि दुसऱ्याला केवळ विश्वास ठेवावा लागतो, तेथेच अमानत जन्माला येते.

आमच्या जमाअतमधील एक तरुण प्राध्यापक हेच काम करतात. एका संध्याकाळी मगरिबनंतर ते थांबले आणि म्हणाले, “मौलाना, माझ्या गटातल्या एका मुलाचे पहिल्या वर्षाचे पाच विषय अजून राहिलेले आहेत. त्याचे अब्बा शेताचा तुकडा विकून फी भरतात आणि मला सांगतात, सर, त्याला कसेही करून पुढे ढकला. कार्यालयाला वाटते की जागा रिकामी पडू नये. आणि मुलाने मला एकट्याला सांगितले की, त्याला हे शिक्षण कधी नकोच होते. पण अब्बांना सांगू नका. आता मी कोणाचा अमानतदार?”

हा प्रश्न एका प्राध्यापकापुरता नाही. आपल्यापैकी प्रत्येक घर आज ना उद्या या तिघांपैकी एका जागी उभे राहणार आहे. म्हणून त्याचा क्रमाने विचार करू.

पहिला मुद्दा, सल्ल्याची अमानत कोणाची? दिव्य कुरआनने सूरह अन-निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला आहे. सल्ला विद्यार्थ्याच्या आयुष्याविषयी आहे, म्हणून त्याचा पहिला हक्कदार विद्यार्थीच होय. पगार महाविद्यालय देते हे खरे. परंतु तो पगार ज्या कामासाठी आहे, ते काम विद्यार्थ्याला खरे सांगणे हेच आहे. वैद्याला रुग्णालयाने नेमले म्हणून त्याने रुग्णालयाच्या सोयीचे निदान करावयाचे नसते. महाविद्यालयाचे न्याय्य नियम सल्लागाराने पाळावेत, त्याच्या नावाला बट्टा लावू नये. पण जागा भरलेली राहावी म्हणून मुलाला अडकवून ठेवणे हे त्याच्या करारात बसत नाही आणि ईमानातही बसत नाही.

दुसरा मुद्दा, कटू सत्य सांगावे काय? येथे फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांचा प्रसंग मार्गदर्शक आहे. सहीह मुस्लिममध्ये तो आलेला आहे. त्यांना दोन मागण्या आल्या होत्या, मुआविया (रजि.) आणि अबू जहम (रजि.) यांच्या. त्यांनी पैगंबरांचा सल्ला विचारला. पैगंबरांनी एकाच्या निर्धनतेकडे आणि दुसऱ्याच्या कठोर स्वभावाकडे स्पष्ट शब्दांत लक्ष वेधले आणि उसामा (रजि.) यांचे नाव सुचविले. कोणाच्याही पाठीमागे त्याची उणीव सांगणे एरवी गीबत ठरते; सल्ला विचारला गेला असता मात्र गरजेपुरते खरे सांगणे हे कर्तव्य होते, असा निष्कर्ष इमाम नववी (रह.) आदी विद्वानांनी यावरून काढला. या प्रसंगात मला तीन गोष्टी दिसतात. जे सांगितले ते नेमके होते. गरजेपेक्षा एक शब्द जास्त नव्हता. आणि दोन दरवाजे बंद करून विचारणारीला अंधारात उभे केले नाही, तिसरा दरवाजा दाखविला.

सल्लागाराने हेच माप हाती घ्यावे. “तुला जमणार नाही” हे सत्य नाही, तो अंदाज आहे. आणि कोणाच्या नशिबात काय लिहिले आहे याचे ज्ञान अल्लाहने कोणत्याही प्राध्यापकाला दिलेले नाही. “तुझे पाच विषय राहिले आहेत, नियमानुसार एवढे निघाल्याशिवाय पुढच्या वर्षात प्रवेश मिळत नाही, त्यासाठी तुझ्याकडे एवढे महिने आहेत” हे सत्य आहे. पहिल्या वाक्याने मूल खचते, दुसऱ्याने ते मोजू लागते. फिरऔनसारख्या जुलमी राजाकडे पाठवितानाही मूसा आणि हारून (अलै.) यांना सौम्य बोलण्याचा आदेश झाला होता. मग वयाच्या एकोणिसाव्या वर्षी केटीच्या यादीखाली दबलेल्या पोराशी कोणत्या सुरात बोलावे, हे वेगळे सांगावयास नको.

याच ठिकाणी एका उलट अन्यायाविषयीही सावध केले पाहिजे. विद्यार्थी मागे पडला की त्याची कुवतच नाही, असे ठरविण्याची घाई काही लोक करतात. आणि उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, बाबतीत ही घाई अधिक होते. पहिल्या वर्षी नापास होण्याला अनेक कारणे असतात. मातृभाषेत शिकलेल्या मुलाला इंग्रजीतील व्याख्यान उमजत नाही, गणिताचा पाया कच्चा असतो, लोकलच्या प्रवासात रोज तीन-चार तास जातात, घरी अभ्यासाला कोपरा नसतो. ही सारी कारणे दूर करता येण्याजोगी आहेत. ती न शोधता “कला शाखेला जा” असे म्हणणारा सल्लागारही खियानतच करतो. म्हणून निदान आधी, सल्ला नंतर.

तिसरा मुद्दा सर्वांत नाजूक आहे: मुलाने सांगितलेले गुपित. एखादा माणूस बोलताना आजूबाजूला पाहून घेतो, तेव्हा त्याचे ते बोलणे अमानत होते, अशा आशयाची हदीस आहे. इकडे वडिलांचाही हक्क आहे. घाम त्यांचा, जमीन त्यांची. माझ्या मते येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. गुण, हजेरी, राहिलेले विषय ही वस्तुस्थिती आहे. फी भरणाऱ्या बापाने विचारले असता ती लपविणे किंवा सजवून सांगणे म्हणजे फसवणूक होय. मुलाच्या मनात काय आहे, हे मात्र मुलाने सांगावयाचे. सल्लागाराने त्याला त्यासाठी मुदत द्यावी, धीर द्यावा, हवे तर बाप-लेकाच्या मध्ये स्वतः बसावे. पण त्याच्या तोंडचे शब्द काढून घेऊ नयेत. याला एकच अपवाद आहे. मुलाच्या बोलण्यात जीव देण्याचा विचार डोकावला, तर तेथे गुपित राहत नाही. त्या क्षणी घरच्यांना आणि डॉक्टरांना कळविणे हीच अमानत होय. कारण जीव ही अल्लाहची ठेव आहे आणि ती सर्व ठेवींच्या आधी येते.

चौथा मुद्दा वडिलांच्या इच्छेचा. माता-पित्यांशी सद्वर्तन करणे हे अल्लाहच्या उपासनेच्या पाठोपाठ सांगितलेले कर्तव्य आहे. त्यांच्या इच्छेला वजन आहे, त्यांच्याशी आवाज चढवून बोलण्याची मुभा कोणालाही नाही. परंतु आपल्याच विद्वानांनी पालकांनाही काही सांगितलेले आहे. इब्न कय्यिम (रह., मृत्यू हिजरी 751) यांनी मुलांच्या संगोपनाविषयी ‘तुहफतुल मौदूद’ हा ग्रंथ लिहिला. मुलाचा कल कोणत्या कामाकडे आहे हे पालकाने पाहावे आणि अनुमती असलेल्या कामांपैकी ज्याला तो योग्य नाही त्याचे ओझे त्याच्यावर लादू नये, अशी ताकीद त्यात आहे. साडेसहाशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही समज आज आपल्या दिवाणखान्यांतून हरवलेली दिसते.

यावर कोणी म्हणेल, “मौलाना, समाजात अभियंते आधीच थोडे आहेत. तुम्ही मुलांना सूट दिली तर आपण आणखी मागे पडू.” हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याचे उत्तरही आपल्या परंपरेत आहे. इमाम गजाली (रह.) यांनी ‘इह्या’ या ग्रंथात वैद्यक आणि गणित यांसारख्या विद्यांना फर्ज-ए-किफाया म्हटले. आपल्या काळी शहरोशहरी लोक फिक्हकडे धाव घेतात आणि वैद्यकाकडे कोणी फिरकत नाही, याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला. अभियांत्रिकीही याच वर्गात येते: पूल, पाणी, वीज यांवाचून समाज चालत नाही. पण फर्ज-ए-किफायाचा अर्थ असा की, समाजातील काहींनी ते काम पुरेसे आणि नीट पार पाडावे. ते प्रत्येक मुलावरील फर्ज-ए-ऐन नव्हे. नमाज प्रत्येकावर आहे. थर्मोडायनॅमिक्स प्रत्येकावर नाही. आणि जो मुलगा चार वर्षांच्या जागी सात वर्षे घालवून पदवीविना घरी परततो, त्याच्या हातून ना पूल उभा राहिला, ना फर्ज अदा झाले. तोच मुलगा चांगला शिक्षक, हिशेबनीस किंवा कुशल कारागीर झाला असता, तर समाजाचीच दुसरी एखादी उणीव भरून निघाली असती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने पदवी मध्येच सोडणाऱ्यासाठी एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका अशी कल्पना मांडली आहे. ही सोय आपल्या महाविद्यालयात कोणत्या अटींवर मिळते, जमलेले क्रेडिट दुसरीकडे चालतात काय, शाखा बदलता येते काय, हे शोधून देणे सल्लागाराचे काम आहे. फातिमा बिन्ते कैस (रजि.) यांना दाखविलेला तिसरा दरवाजा आजच्या काळात असा दिसतो.

शेवटचा मुद्दा, निर्णय कोणाचा? सहीह बुखारीत बरीरा (रजि.) यांची हकीकत आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर त्यांना आपल्या पतीपासून, मुगीस (रजि.) यांच्यापासून, वेगळे होण्याचा अधिकार मिळाला. मुगीस मदीनेच्या गल्ल्यांतून रडत त्यांच्या मागे फिरत. पैगंबरांना त्यांची दया आली आणि त्यांनी बरीरांना परत जाण्याचे सुचविले. बरीरांनी विचारले, हा आदेश आहे काय? उत्तर मिळाले की नाही, ही केवळ शिफारस आहे. तेव्हा बरीरांनी नम्रपणे नकार दिला, आणि त्यांना कोणी दोष दिला नाही. ज्यांचा आदेश मानणे ईमानाचा भाग आहे, त्यांनीच आपली शिफारस आदेशापासून वेगळी ठेवली. मग सल्लागाराने, मामाने, शेजाऱ्याने आणि मशिदीच्या इमामाने आपल्या मताला आदेशाचे वस्त्र चढवावे काय?

त्या प्राध्यापकांना मी एवढेच सुचविले: मुलाला आकडे स्वच्छ दाखवा, तो का मागे पडला हे आधी शोधा, वडिलांशी खोटे बोलू नका, मुलाचे मन मुलालाच उघडू द्या, आणि दोघांनी मिळून जे ठरवतील त्यात साथ द्या. कोणत्या विषयातून कोणती नोकरी मिळते, हे मला विचारू नका. ते माझ्या विद्येचे क्षेत्र नाही. इमाम मालिक (रह.) यांच्याविषयी प्रसिद्ध आहे की, दूरवरून आलेल्या माणसाच्या बहुतांश प्रश्नांना त्यांनी ‘मला ठाऊक नाही’ असे उत्तर दिले. जुमाच्या नमाजनंतर “मौलाना, मुलाला कॉम्प्युटर घेऊ की मेकॅनिकल?” असे विचारणाऱ्या बापाला आम्हा इमामांनीही हेच उत्तर द्यावे आणि जाणकाराकडे पाठवावे. इस्तिखारा अवश्य करावा. पण अल्लाहकडे भले मागणे आणि जाणणाऱ्याला विचारणे या दोन्ही गोष्टी हव्यात, एकीने दुसरी टळत नाही.

पालक बंधु-भगिनींनो, पुढच्या वेळी मुलाच्या सरांना भेटाल तेव्हा “त्याला पुढे ढकला” असे म्हणू नका. “त्याची खरी स्थिती काय आहे, आणि त्याच्यासमोर कोणते मार्ग आहेत?” असे विचारा. सल्लागाराने अमानत पाळावी अशी आपली अपेक्षा असेल, तर खरे ऐकण्याची तयारी ही आपल्या बाजूची अमानत आहे. आणि घरी परतल्यावर हाच प्रश्न मुलाला विचारा. त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

अल्लाह आम्हाला खरे बोलण्याची, खरे ऐकण्याची आणि एकमेकांच्या ठेवी सुरक्षित परत करण्याची तौफिक देवो. आमीन.