पृथ्वीचे भाकीत आणि चार्वाकाचा आक्षेप

पृथ्वीचा दिवस नेमका ८६,४०० सेकंदांचा नसतो. तो मिलिसेकंदाच्या आसपास लहान-मोठा होत राहतो. भरती-ओहोटीचे घर्षण त्याला शतकानुशतके लांबवते, वारे ऋतूंप्रमाणे बदलवतात, गाभ्यातील द्रव धातूचे प्रवाह दशकांच्या अवधीत. ध्रुवही काही मीटरांच्या घेरात भटकतात. अंतराळयानाला वाट दाखवायची तर हे सारे आजच ठाऊक हवे. पण दूरच्या क्वेसारांच्या रेडिओ निरीक्षणांतून अचूक आकडे निघेपर्यंत काही दिवस उलटतात. म्हणून भाकीत करावे लागते. त्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरण्याचा एक प्रयत्न हाराल्ड शू आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला.

असे नेटवर्क मागच्या नोंदींतून संगती शिकते, कारण सांगत नाही. मग त्याच्या अचूक भाकिताला ज्ञान म्हणावे का?

न्यायदर्शनात अनुमान व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अढळ साहचर्यावर, उभे असते. चार्वाकाचा आक्षेप नेमका तिथेच आहे: साहचर्यामागे एखादी न दिसणारी अट, उपाधी, दडलेली नाही हे कशावरून? आग असेल तिथे धूर असेलच असे नाही. सरपण ओले असावे लागते.

ध्रुवांच्या डोलण्याचा इतिहास दोन्ही पक्षांना साक्षीदार पुरवतो. गणितज्ञ ऑयलरच्या सिद्धांताप्रमाणे हे आवर्तन सुमारे ३०५ दिवसांचे असायला हवे होते. विमागणिताचा व्यवसाय केलेल्या सेथ चँडलरने १८९१ मध्ये नुसती निरीक्षणे चाळून ते सुमारे चौदा महिन्यांचे असल्याचे दाखवले. पृथ्वी पूर्णपणे ताठर नाही, हे कारण खगोलशास्त्रज्ञ न्यूकमने त्यानंतर पुढे आणले. संगती आधी आली, कारण मागून. मात्र १९२०च्या दशकात याच डोलण्याची लय जवळजवळ उलटली, आणि फक्त मागच्या नोंदींवर विसंबणारे कोणतेही यंत्र तिथे फसले असते.

नैयायिक यशस्वी प्रवृत्तीला ज्ञानाची कसोटी मानतात. यान ठरल्या जागी पोहोचले तर भाकीत खरे. ही कसोटी रास्त आहे, पण ती झालेल्या प्रसंगापुरतीच बोलते. त्यामुळे नेटवर्कला वातावरणाच्या कोनीय संवेगाचे आकडे पुरवणे किंवा त्यात भौतिकीचे नियम गुंफणे अधिक मोलाचे ठरते. झुरिकच्या ईटीएचमधील संशोधकांनी ध्रुवांच्या हालचालीसाठी हा दुसरा मार्ग धरला. अशा वेळी काही उपाधी तरी उघड्यावर येतात. गाभ्यातील प्रवाह मात्र थेट मोजता येत नाहीत, आणि दशकांच्या मुदतीच्या भाकितांपुरता चार्वाकाचा आक्षेप अनुत्तरित आहे.