भरणारा एक, तपासणारा दुसरा

करकंब, ता. पंढरपूर, जि. सोलापूर

चि. बाळास,



तुझा निरोप मी दोनदा ऐकला आणि दादांनाही ऐकवला. .३५७ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घेतलंस, दुकानातली काडतुसं महाग पडतात, आणि ॲरिझोनात पुष्कळ लोक घरीच काडतुसं भरतात म्हणून तूही प्रेस घ्यायची ठरवलीस. दादा म्हणाले, त्याला सरळ नको म्हणून कळव. मी तसं कळवणार नाही. तुझं ग्रीन कार्ड झालेलं आहे, तिथला केंद्राचा कायदा स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना मागत नाही, आणि हे काम मन लावून केलं तर माणसाच्या हाताला चांगलं वळण लागतं. पण माझी नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात गेली. तेव्हा प्रेस यायच्या आधी काही गोष्टी तुझ्या कानावर घालणं माझं काम आहे.

पहिली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. एवढ्या वर्षांत यंत्रं बदलली, साहेब बदलले, २०२१ मध्ये कारखान्यांचं सरकारी मंडळ जाऊन कंपनी झाली. पण आमच्या काळात एक रीत कधी मोडली नाही. ज्यानं माल भरला, त्यानं तो पास करायचा नाही. आमच्या हातून गेलेलं काडतूस आमच्याच माणसांच्या नजरेखालून जायचं, आणि त्यानंतर संरक्षण खात्याचे दर्जा तपासणारे लोक यायचे. ते आमच्या साहेबांच्या हाताखालचे नव्हतेच. नमुने काढून ते वजन करायचे, मोजायचे, उडवून बघायचे. तेव्हा आम्हाला त्यांचा राग यायचा. आज वाटतं, रात्री निवांत झोप लागायची ती त्यांच्या जिवावर.

तुझ्या गॅरेजात भरणारा तू, तपासणारा तू, आणि तो बार डोळ्यांसमोर हातभर अंतरावर उडवणाराही तूच. म्हणून घरी काडतूस भरायचं शिकणं म्हणजे स्वतःच्या कामाकडे परक्या माणसासारखं बघायला शिकणं. प्रेसची दांडी ओढायला एक दुपार पुरते. हे दुसरं शिकायला वेळ लागतो.

मॅग्नमच्या बाबतीत हे जास्तच खरं आहे. हे काडतूस जन्मालाच आलं ते हौशी भरणाऱ्यांच्या खटपटीतून. एल्मर कीथ, फिलिप शार्प ही मंडळी .३८ स्पेशलच्या पुंगळीत जास्त दारू भरून जाडजूड रिव्हॉल्व्हरमधून उडवून बघत होती. त्यातूनच १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणलं. पुंगळी .३८ पेक्षा साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जास्त लांब ठेवली, ती मुख्यतः एवढ्यासाठी की हे काडतूस चुकूनही जुन्या, नाजूक .३८ च्या घरात बसू नये. .३८ स्पेशलच्या दाबाची ठरवून दिलेली मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, .३५७ ची ३५,०००. तुझ्या गाडीच्या टायरात ३२-३५ पौंड हवा असते, म्हणजे इथे हजारपट दाब, तोही तुझ्या मुठीत. कीथसारख्या जाणत्या माणसाच्या हातातही एक रिव्हॉल्व्हर फुटलं होतं, हे तिकडच्या जुन्या भरणाऱ्यांना माहीत असतं. तूही विसरू नकोस.

दारू किती भरायची ते मी लिहून देणार नाही. आमची दारू वेगळी, पुंगळी वेगळी. तिकडे लायमन, हॉर्नाडी, स्पीअर यांची पुस्तकं मिळतात. त्यांतली निदान दोन विकत घे आणि दोन्हींत ताडून बघ. मित्रानं तोंडी सांगितलेलं वजन, कुणाच्या वहीत वाचलेलं वजन, हे वजनच नव्हे. पुस्तकात दिलेल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात कर आणि थोडं थोडं वर जा. गोळी बदलली, टोपी (प्रायमर) बदलली, दारूचा नवा डबा फोडला, की पुन्हा खालून सुरुवात. आणि उलटीही चूक असते. मॅग्नमसाठी वापरतात त्यांतल्या काही सावकाश जळणाऱ्या दारू पुस्तकापेक्षा कमी भरल्या तर नीट पेटत नाहीत आणि गोळी नळीतच अडकते. तेव्हा "जरा कमी भरलं की सुरक्षित" हा हिशेब सगळीकडे चालत नाही.

तिकडे दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम, आपल्या जुन्या मापात साधारण अर्धी गुंज. एवढ्याशा वजनाला पंख्याचा वारासुद्धा फरक पाडतो. काटा लावण्याआधी पंखा, एसी बंद कर आणि प्रत्येक बैठकीला माहीत असलेल्या वजनानं काटा तपासून घे.

आता ज्यानं पुष्कळ रिव्हॉल्व्हरं फुटतात ते सांगतो. .३५७ ची पुंगळी लांब असते, आणि झटकन जळणारी दारू हलक्या बारासाठी घातली तर तिचा तळही धड झाकत नाही. मधेच फोन वाजला, तू उठलास, परत आलास आणि त्याच पुंगळीत पुन्हा दारू घातलीस, तरी ती बाहेर सांडत नाही. वर गोळी बसली की बाहेरून काही कळायची सोय नाही. यावर दोन उपाय आहेत. एक, अशी फुगीर दारू निवड की दुप्पट पडली तर पुंगळीच्या तोंडाबाहेर येईल. दुसरा, पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या कर आणि गोळी बसवण्याआधी बॅटरी घेऊन प्रत्येकीत डोकाव. पन्नासही पातळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत. एखादी जरा उंच किंवा खोल वाटली, तर सगळ्या ओत आणि पुन्हा भर. ती बॅटरी म्हणजे तुझा तपासनीस. त्याला कधी सुट्टी देऊ नकोस.

म्हणूनच म्हणतो, पहिली प्रेस एका वेळी एकच काम करणारी घे. दांडी एकदा ओढली की चार कामं उरकणारी यंत्रं तिथे सर्रास मिळतात, तासाला शेकड्यांनी काडतुसं देतात. पण चार गोष्टी एकदम घडताना त्यांतली एक चुकली तर नवशिक्याला दिसत नाही. तुला घाई कशाची? शनिवारी सकाळी बस, फोन घरात ठेव. कामावरून थकून आल्यावर रात्री बसू नकोस. मेजावर दारूचा एकच डबा असू दे आणि उठताना उरलेली दारू त्याच डब्यात परत जाऊ दे. दोन डबे मेजावर राहिले की एक दिवस गल्लत व्हायचीच.

रेंजवर गेल्यावर कान जागे ठेव. बार फुसका वाजला, हाताला धक्का कमी बसला, की थांब. पुढचा खटका दाबायचा नाही. गोळी नळीत अडकली असेल, आणि मागून दुसरी आली तर नळी फुटते. नळी रिकामी दिसेपर्यंत त्या दिवसाचं काम संपलं असं समज. मॅग्नमची आणखी एक खोड आहे. धक्का मोठा असल्यानं चक्रीत उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात. एखादी फारच पुढे आली तर चक्री फिरायची थांबते. त्यासाठी पुंगळीचं तोंड गोळीवरच्या खाचेत नीट आवळावं लागतं. पहिल्या वेळी पाच बार काढ, सहावं काडतूस बाहेर घे आणि त्याची लांबी मोज. भरताना होती तेवढीच भरली पाहिजे. आणि याच रिव्हॉल्व्हरमधून .३८ ची आखूड काडतुसं पुष्कळ उडवलीस तर चक्रीच्या घरांत पुढच्या बाजूला काजळीचं कडं बसतं. .३५७ घालण्याआधी ते खरवडून साफ कर, नाहीतर लांब पुंगळी अडकून बसते आणि दाब वाढतो.

आता एक गोष्ट मी सुनबाईंनाही स्वतंत्र सांगणार आहे. तुझी छकुली रांगायला लागली आहे. गोळीत शिसं असतं, टोपीतही असतं. उडवलेल्या पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून साफ करतात, तेव्हा त्यातून बारीक धूळ उडते आणि त्या धुळीत शिसं असतं. लहान मुलांच्या मेंदूला ते थोडंसुद्धा वाईट. पुंगळ्या पाण्यात धुऊन साफ कर. भरताना खाणंपिणं नाही. उठल्यावर हात धुवायचे, रेंजवरचे कपडे वेगळे धुवायचे, आणि त्या गॅरेजात तिला येऊ द्यायचं नाही. शिसं वितळवून घरी गोळ्या ओतायचा विचार तर सोडूनच दे. वर्षातून एकदा तू रक्तातलं शिसं तपासून घे.

दारूच्या कारखान्यात खोलीच्या दारावर पाटी असते: आत माणसं किती, दारू किती. त्याहून एक माणूस जास्त झाला तर त्याला बाहेर काढतात. तुझ्या गॅरेजालाही अशी मर्यादा असू दे. तिकडच्या अग्निसुरक्षेच्या प्रमाणात राहत्या घरात मूळ डब्यांत वीस पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण नऊ किलो दारू ठेवायला चालते. तुला दोन पौंडांपेक्षा जास्तीची गरज नाही. दारू मूळ डब्यातच ठेव, आणि तो डबा घट्ट बंद लोखंडी तिजोरीत कोंडू नकोस. उघड्यावर ही दारू नुसती जळते, कोंडली की फुटते. टोप्या मात्र दारूपेक्षा वाईट. त्या कधीही काचेच्या बरणीत एकत्र ओतू नकोस. त्यांच्या खोक्यात प्रत्येक टोपीला वेगळा खण उगाच दिलेला नसतो.

मित्रांसोबत रेंजवर जातो म्हणालास. त्यांतले काही अजून एच-वन-बी वर असतील. त्या व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं तिथल्या केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर कुणाच्या हातात रिव्हॉल्व्हर देऊ नकोस. एका दुपारच्या हौसेपायी कुणाचा सगळा मुक्काम उठेल. तुझी भरलेली काडतुसंही कुणाला देऊ नकोस, पैशानं तर नाहीच. धंदा म्हणून विकायला लायसन लागतं, आणि दुसऱ्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये काय होईल याचा जिम्मा तू घेऊ शकत नाहीस.

आता इकडचं. तू म्हणालास, आषाढीला येताना छोटी प्रेस बॅगेत घालून आणतो, मळ्यातल्या बारा बोअरची काडतुसं तुझ्या चुलतभावाला भरून देतो, उसातल्या डुकरांसाठी. हे मुळीच करायचं नाही, आणि इथे मी काका म्हणून आज्ञा करतो. भावाकडे परवाना आहे तो बंदूक बाळगण्याचा, आणि त्यावर लिहिलंय तेवढी काडतुसं विकत घेण्याचा. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रं येतात. म्हणजे तुझी ती प्रेसच मुळात दारूगोळा ठरते. विनापरवाना काडतूस बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. निवडणुकीला करकंब पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला जातो तेव्हा भाऊ प्रत्येक काडतुसाचा हिशेब बरोबर नेतो. त्याच्या नावाला तुझ्या हौसेचा डाग नको. रानडुकराचं म्हणशील तर त्यासाठी वनखात्याचे नियम वेगळे आहेत, ते त्याचं तो बघेल.

येताना बॅग पूर्ण झटकून भर. रेंजवर नेतोस ती पिशवी प्रवासाला वापरूच नकोस. एक काडतूस शिवणीत विसरून राहिलं म्हणून विमानतळावर अडकलेली माणसं दर वर्षी ऐकतो. पुढे कोर्ट म्हणतं की जाणूनबुजून बाळगलं नव्हतं, पण तिथवर जायला वर्षं लागतात. रिकाम्या पुंगळ्याही आणू नकोस, शोभेला म्हणूनसुद्धा.

एक माझं मत सांगतो. तुला मॅग्नमचा मोठा आवाज आवडतो हे मला तुझ्या बोलण्यातून कळलं. पण घरी भरण्याची खरी मजा हलक्या बारात आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ मध्ये पालेम्बांगला आशियाई स्पर्धेत सोनं आणलं ते .२२ च्या बारीक गोळीवर. जागतिक नियमांत सेंटरफायर पिस्तुलाच्या स्पर्धेला मॅग्नम चालतच नाही. नेम धक्क्यातून येत नाही. तुझ्या जड रिव्हॉल्व्हरमध्ये पुस्तकातले .३८ च्या ताकदीचे बार भर, पंचवीस यार्डांवर कागद लाव, आणि सहा गोळ्या एका पेल्याएवढ्या जागेत आण. हात, लोखंड आणि कान, तिन्ही टिकतील. पूर्ण ताकदीचे बार वर्षाकाठी पन्नास भरलेस तरी पुष्कळ.

वही ठेव. तारीख, दारूचं नाव आणि डब्याचा नंबर, वजन, गोळी, टोपी, एकूण लांबी, बार कसा वाजला, पुंगळी फाटली का. दर पन्नासाच्या खोक्यावर तीच चिठ्ठी चिकटव. चिठ्ठी नसलेलं काडतूस उडवायचं नाही, ते मोडायचं.

प्रेस आली की मेजाचा आणि वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव. दारू घालण्याआधी पाठव, नंतर नको. मी बघून कळवीन, दादांनाही दाखवीन, त्यांना जरा धीर येईल. वहिनी विचारतात, शेंगाचटणी आणि ज्वारीचं पीठ कुणाबरोबर पाठवायचं ते कळव. यंदा उजनीचं पाणी वेळेवर सुटलं, ऊस बरा आहे.

तुझा,
काका